‘यूज्ड टू’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमात शिकलेल्या आणि आता नोकरीसाठी, मुलाखतीसाठी किंवा परदेशी गेल्यामुळे इंग्रजी बोलावं लागणाऱ्या मोठ्या माणसांना मी शिकवते. त्यांच्याकडून सगळ्यात जास्त प्रश्न कशावर येत असतील, तर ते ‘यूज्ड टू’वर. याचं कारण त्यांचं इंग्रजी कच्चं असणं हे नाही. मराठी जी तीन कामं तीन वेगळ्या रूपांनी करते, ती इंग्रजी या दोन शब्दांवर टाकते, म्हणून घोटाळा होतो. त्यामुळे इथली बहुतेक उत्तरं मराठी वाक्यापासून सुरू होतात. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत, म्हणजे ती मोठ्याने वाचता येतील.

1. ‘यूज्ड टू’चा सरळ अर्थ काय?

एखादी गोष्ट पूर्वी नेहमी घडायची किंवा पूर्वी तशी होती, आणि आता तसं नाही. मराठीत यासाठी स्वतंत्र काळच आहे. शाळेत आपण तो रीतिभूतकाळ म्हणून शिकलो: ‘मी जात असे’, ‘ती येई’. बोलताना आपण ‘मी जायचो’, ‘ती यायची’ म्हणतो. ‘मुंबईत ट्राम धावायच्या’ हे इंग्रजीत ‘ट्राम्स यूज्ड टू रन इन बॉम्बे’ असं होतं. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली आणि ते सगळं संपलं, म्हणून इथे ‘यूज्ड टू’ चपखल बसतं.

पुढचं क्रियापद मूळ रूपात ठेवायचं: रन, गो, ईट. कर्ता कोणीही असला तरी काहीच बदलत नाही. मराठीत जायचो, जायचे, जायची, जायच्या एवढी रूपं सांभाळणाऱ्याला हे जड जाऊ नये.

2. कधी ‘यूज्ड टू गो’, कधी ‘यूज्ड टू गोइंग’, कधी ‘इज यूज्ड टू’. हे एकच आहे का?

नाही, तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आजी आणि तिचं जातं यांवरून पाहू.

‘आजी ज्वारी दळायची.’ माय ग्रँडमदर यूज्ड टू ग्राइंड ज्वारी.

‘आजीला ज्वारी दळण्याची सवय होती’, म्हणजे तिला त्याचं काही वाटत नसे. माय ग्रँडमदर वॉज यूज्ड टू ग्राइंडिंग ज्वारी.

‘जातं ज्वारी दळायला वापरलं जायचं.’ द स्टोन मिल वॉज यूज्ड टू ग्राइंड ज्वारी.

पहिल्यात ‘यूज्ड’च्या आधी वॉज, इज, ॲम यांपैकी काहीच नाही. दुसऱ्यात ते आहे आणि पुढे ‘इंग’ लागलं आहे. तिसऱ्यात ते आहे, पण पुढे मूळ क्रियापद आहे आणि कर्ता साधारणपणे वस्तू असते. आता ‘आय ॲम यूज्ड टू गेट अप अर्ली’ हे वाक्य या तीन खणांत ठेवून पाहा. ते फक्त तिसऱ्यात बसतं, आणि मग त्याचा अर्थ ‘लवकर उठण्यासाठी माझा वापर केला जातो’ असा होतो. अर्जात आणि मुलाखतीत सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक हीच आहे. दुरुस्तीसाठी प्रश्न 6 पाहा.

3. ‘यूज’ म्हणजे वापरणं. मग त्याचा सवयीशी काय संबंध? आणि उच्चार नक्की कोणता?

‘यूज’ या क्रियापदाला जुन्या इंग्रजीत ‘वहिवाट असणे, रीत असणे’ असाही अर्थ होता आणि तो सगळ्या काळांत चालायचा. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये बैलाबद्दलचा एक कायदा आहे. त्यात आधीपासून शिंगं मारणाऱ्या बैलासाठी ‘हॅथ यूज्ड टू पुश’ असे शब्द येतात. आपण ‘मारका बैल’ म्हणून मोकळे होतो. पुढे या अर्थाची बाकीची रूपं मागे पडत गेली आणि भूतकाळी ‘यूज्ड टू’ तेवढं टिकलं.

उच्चारात दोघांची फारकत झाली आहे. वापरण्याच्या अर्थी ‘यूझ्ड’. त्यातला झ ‘माझा’तल्या झ च्या जवळचा आहे, ‘माझी’तल्या नव्हे. सवयीच्या अर्थी मात्र ‘यूस्टु’. पुढे ‘टू’चा कठोर ट आल्यामुळे आधीचे मृदू आवाजही कठोर झाले. आपद् आणि काल मिळून आपत्काल होतो तसंच हे आहे. शाळेत ज्याला प्रथम व्यंजन संधी म्हणत, तोच प्रकार. ‘हॅव टू’चं बोलताना ‘हॅफ टू’ होतं, तेही यामुळेच. प्रश्न 2 मधल्या पहिल्या दोन वाक्यांत ‘यूस्टु’ आणि तिसऱ्यात ‘यूझ्ड टू’ असं म्हणून पाहा. कान तयार झाला की अर्थ लगेच वेगळे होतात.

4. मी रोज पाचला उठतो. ‘आय यूज टू गेट अप ॲट फाइव्ह’ बरोबर का?

नाही. सवयीच्या अर्थी या शब्दाला आजच्या इंग्रजीत वर्तमानकाळ उरलेला नाही. ‘आय गेट अप ॲट फाइव्ह’ एवढं पुरे. ‘सहसा’ म्हणायचं असेल तर ‘आय यूज्वली गेट अप ॲट फाइव्ह’. ‘यूज टू’ आणि ‘यूस्टु’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात, त्यामुळे समोरचा माणूस ‘पूर्वी उठायचा, आता उठत नाही’ असं समजेल. मुलाखतीत तुम्ही सांगायला जाता शिस्त, आणि ऐकणाऱ्याला कळतं की ती सुटली.

5. ‘मी बसने शाळेत जात होतो’ याचं ‘आय वॉज गोइंग टू स्कूल बाय बस’ असं का करू नये?

कारण मराठीतलं ‘जात होतो’ दोन कामं करतं. ‘मी शाळेत जात होतो तेवढ्यात पाऊस आला’ यात त्या क्षणी चाललेली क्रिया आहे. ‘लहानपणी मी बसने शाळेत जात होतो’ यात रीत आहे. इंग्रजीतलं ‘वॉज गोइंग’ प्रामुख्याने पहिलं काम करतं. ते ऐकून समोरचा वाट पाहत राहतो, की बसमध्ये असताना पुढे काय झालं?

यावर मी एक साधी तपासणी सांगते. ‘जात होतो’च्या जागी ‘जायचो’ घालून पाहा. अर्थ तोच राहिला तर ‘यूज्ड टू गो’ किंवा नुसतं ‘वेंट’ वापरा. वाक्य बिघडलं तर ‘वॉज गोइंग’. ‘मी शाळेत जायचो तेवढ्यात पाऊस आला’ असं कोणी म्हणत नाही, म्हणून तिथे ‘वॉज गोइंग’च हवं.

6. ‘आय ॲम यूज्ड टू’नंतर ‘इंग’ का लागतं? ‘टू’नंतर तर मूळ क्रियापद येतं ना?

इथला ‘टू’ वेगळा आहे. तो क्रियापदाला लागलेला नाही. तो नामापुढचा ‘टू’ आहे, आपल्या ‘-ची सवय’ मधल्या ‘-ची’सारखा. ‘मला उन्हाची सवय आहे’ म्हणजे ‘आय ॲम यूज्ड टू द हीट’. आता ऊन काढून तिथे क्रिया ठेवायची तर आपण काय करतो? ‘मला उन्हात चालण्याची सवय आहे’ म्हणतो, ‘चालतो’ची सवय म्हणत नाही. आपण आधी ‘चालणं’ हे नाम करतो आणि मग त्याला ‘-ची’ लावतो. इंग्रजीत ते नाम ‘इंग’ने होतं: ‘आय ॲम यूज्ड टू वॉकिंग इन द हीट’. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ मधला ‘टू’ही याच जातीचा आहे.

इथे एक सापळा आपल्याच भाषेत आहे. ‘मी लवकर उठायची’ आणि ‘मला लवकर उठायची सवय आहे’, दोन्हींत ‘उठायची’ सारखंच दिसतं. म्हणून क्रियापदाकडे न पाहता वाक्याच्या तोंडाकडे पाहा. ‘मी’ने सुरू झालं तर ‘आय यूज्ड टू गेट अप’. ‘मला… सवय’ असेल तर ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप’. माझ्या वर्गात सगळ्यात उपयोगी पडलेली खूण हीच आहे.

7. मग ‘मला नखं खायची सवय आहे’ हे ‘आय ॲम यूज्ड टू बाइटिंग माय नेल्स’ होईल का?

नाही, आणि इथे वरची खूणही तोकडी पडते. मराठीतल्या ‘सवय’ला दोन अर्थ आहेत. एक, हातून वारंवार होणारी गोष्ट: नखं खाणं, पाय हलवणं, झोपताना वाचणं. दुसरा, जड किंवा अनोळखी असलेल्या गोष्टीचं आता काही न वाटणं: ऊन, लोकलची गर्दी, रात्रपाळी. ‘ॲम यूज्ड टू’ फक्त दुसऱ्या अर्थासाठी आहे. पहिल्या अर्थासाठी ‘आय हॅव अ हॅबिट ऑफ बाइटिंग माय नेल्स’ म्हणा, किंवा साधं ‘आय बाइट माय नेल्स’.

वाक्याच्या शेवटी ‘त्यामुळे त्रास होत नाही’ जोडून पाहा. ‘मला रात्रपाळीची सवय आहे, त्यामुळे त्रास होत नाही’ हे जमतं. ‘मला नखं खायची सवय आहे, त्यामुळे त्रास होत नाही’ हे विचित्र वाटतं.

8. ‘गेट यूज्ड टू’ कधी वापरायचं?

‘सवय आहे’ ही स्थिती आहे आणि ‘सवय होणं’ हा बदल. रुळणं, अंगवळणी पडणं, हे सगळं ‘गेट यूज्ड टू’मध्ये येतं. भारतातून अमेरिकेत गेलेल्या माणसाला रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवावी लागते. पहिल्या आठवड्यात तो म्हणेल ‘आय ॲम नॉट यूज्ड टू ड्रायव्हिंग ऑन द राइट’, महिन्याने ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट’ आणि वर्षाने ‘आय ॲम यूज्ड टू इट नाउ’. ‘होईल सवय’ म्हणून धीर द्यायचा असेल तर ‘यू विल गेट यूज्ड टू इट’. पुढे नाम किंवा ‘इंग’च येतं, कारण प्रश्न 6 मध्ये आहे.

9. प्रश्नात आणि नकारात ‘डी’ लिहायचा की नाही?

‘डिड’ आला की भूतकाळाचं काम त्याने उचललं. ‘डिड यू वेंट’ चूक आणि ‘डिड यू गो’ बरोबर, तोच नियम इथे. म्हणून ‘डिड यू यूज टू लिव्ह हिअर?’ आणि ‘आय डिडन्ट यूज टू लाइक कारलं’ यांत ‘यूज’ला डी नको.

तरीही छापील मजकुरात ‘डिड यूज्ड टू’ दिसतं, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांकडूनही. डी चा आवाज पुढच्या ट मध्ये विरून जातो, त्यामुळे कानाला दोन्ही सारखेच लागतात आणि लिहिताना हात चुकतो. बोलताना याची अजिबात काळजी करू नका. परीक्षेत आणि पत्रात मात्र डी गाळा.

नकारासाठी ‘नेव्हर’ हा फार सुटसुटीत मार्ग आहे: ‘ही नेव्हर यूज्ड टू कम लेट’, तो कधी उशिरा यायचा नाही. इथे ‘डिड’ नाही, म्हणून डी राहतो. शेवटी ‘ना?’ जोडायचं असेल तर ‘डिडन्ट’ घ्या: ‘यू यूज्ड टू वर्क इन ठाणे, डिडन्ट यू?’

10. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन नागपूर फॉर टेन इयर्स’ यात काय चुकलं?

‘फॉर टेन इयर्स’. एकूण किती काळ किंवा एकूण किती वेळा, हा हिशेब दिला की तो काळ एक पूर्ण झालेली घटना ठरतो, आणि तिथे साधा भूतकाळ येतो: ‘आय लिव्ह्ड इन नागपूर फॉर टेन इयर्स’. आपल्या कानालाही हे कळतं. ‘मी नागपुरात दहा वर्षं राहायचो’ म्हणून पाहा, खटकतं. आपण ‘राहिलो’ किंवा ‘राहत होतो’ म्हणतो. ‘मी दिल्लीला तीनदा जायचो’ हेही तसंच. ‘तीनदा गेलो’ हवं.

गोव्याचं उदाहरण घ्या. ‘गोवा यूज्ड टू बी अ पोर्तुगीज कॉलनी’ बरोबर आहे. 1510 ते 1961 असा काळ मोजून सांगायचा असेल, तर ‘गोवा वॉज अंडर पोर्तुगीज रूल फॉर मोअर दॅन फोर हंड्रेड अँड फिफ्टी इयर्स’. शासन तेच, पण वर्षं मोजली की ‘यूज्ड टू’ गळतं.

अपवाद असा: मोजमाप प्रत्येक खेपेचं असेल तर चालतं. ‘दर मे महिन्यात आम्ही रत्नागिरीला तीन आठवडे राहायचो’ हे मराठीतही खटकत नाही आणि ‘एव्हरी मे वी यूज्ड टू स्टे इन रत्नागिरी फॉर थ्री वीक्स’ हेही बरोबर आहे. ‘आठवड्यातून तीनदा जायचो’ म्हणजे ‘यूज्ड टू गो थ्री टाइम्स अ वीक’, तेही चालतं.

11. ‘इथे विहीर होती’ यात ‘-यायचं’ कुठेच नाही. तरी ‘यूज्ड टू’?

हो. ‘देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर’. असणं, राहणं, माहीत असणं, आवडणं यांसारख्या स्थितीदर्शक क्रियापदांशी आपण बहुधा नुसतं ‘होतं’ वापरतो आणि ‘पूर्वी’ जोडतो. ‘इथे विहीर असायची’ म्हटलं तर विहीर कधी असे, कधी नसे असा भास होतो. इंग्रजी ‘यूज्ड टू’ला ही अडचण नाही. म्हणून मराठी वाक्यात ‘पूर्वी’ किंवा ‘एके काळी’ असेल, आणि ‘आता नाही’ हे मनात असेल, तर ‘होतं’चंही ‘यूज्ड टू बी’ करता येतं. 1996 मध्ये नाव बदललेल्या मुंबईच्या स्टेशनला पूर्वी व्हीटी म्हणत: ‘इट यूज्ड टू बी कॉल्ड व्हीटी’.

‘देअर वॉज अ वेल हिअर’ चूक नाही. पण त्यात नुसती माहिती आहे. ‘यूज्ड टू बी’मध्ये ती विहीर बुजल्याची जाणीवही आहे. जुन्या गावाबद्दल बोलताना मला दुसरं वाक्य जास्त खरं वाटतं.

12. ‘वुड’ आणि ‘यूज्ड टू’ यांत फरक काय?

क्रिया पुन्हा पुन्हा घडत असेल आणि काळ आधी सांगून झाला असेल, तर दोन्ही चालतात. ‘व्हेन वी लिव्ह्ड इन लालबाग, द मिल सायरन वुड वेक अस अप’, आम्ही लालबागला राहायचो तेव्हा गिरणीच्या भोंग्याने जाग यायची. स्थिती असेल तर ‘वुड’ चालत नाही. ‘आय वुड लिव्ह इन लालबाग’ म्हणजे ‘मी लालबागला राहीन, जमलं तर’.

आठवण सांगताना इंग्रजीत सहसा ‘यूज्ड टू’ने दार उघडतात आणि मग ‘वुड’ने पुढे चालतात. दर वाक्यात ‘यूज्ड टू’ आलं की लिखाण ठेचकाळतं. मला ‘वुड’ची जात आपल्या ‘सांगे, बसे, येई’सारखी वाटते: ‘आजी अंगणात बसे, गोष्ट सांगे’. ही रूपं गप्पांत कमी आणि आठवणींच्या लिखाणात जास्त भेटतात. ‘वुड’ही तिथेच खुलतं.

13. ‘मला काल पुण्याला जायचं होतं’ यातही ‘जायचं’ आहे. मग ‘आय यूज्ड टू गो टू पुणे यस्टरडे’?

मुळीच नाही. इथलं ‘जायचं’ इच्छेचं किंवा बेताचं आहे. ‘आय वॉन्टेड टू गो’ किंवा ‘आय वॉज सपोज्ड टू गो’ म्हणा. ‘काल’सारखा एकच दिवस आला की ‘यूज्ड टू’ बाद.

14. ‘मला पूर्वी पोहता यायचं’ कसं म्हणू? ‘यूज्ड टू कॅन’?

‘कॅन’ला मूळ रूपच नाही, त्यामुळे तो ‘टू’नंतर बसत नाही. ‘आय यूज्ड टू बी एबल टू स्विम’. लांब वाटलं तर ‘आय कुड स्विम देन’.

15. जुन्या पुस्तकात ‘यूस्न्ट टू’ आणि ‘यूज्ड नॉट टू’ वाचलं. वापरू का?

ओळखा, वापरू नका. ब्रिटिश इंग्रजीची ती जुनी रूपं आहेत, अर्थ ‘डिडन्ट यूज टू’ हाच. आज बोलण्यात ती अवघडलेली वाटतात.

16. ‘यूज्ड टू’ म्हटलं की ती गोष्ट थांबलीच असं असतं का? माझे वडील हयात आहेत, तर ‘माय फादर यूज्ड टू से’ म्हणू का?

थांबली असा समज होतो, पण तो पुसता येतो. ‘ही यूज्ड टू सिंग, अँड ही स्टिल डझ’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे. मराठीतही ‘तो गायचा, अजूनही गातो’ म्हणता येतं. मात्र पुढचं काही जोडलं नाही, तर ऐकणारा ‘आता नाही’ असंच धरतो.

वडिलांच्या बाबतीत हेच नाजूक होतं. ‘बाबा म्हणायचे’ ऐकल्यावर समोरचा मराठी माणूसही क्षणभर थांबतो आणि आवाज खाली घेतो. ‘माय फादर यूज्ड टू से’ने इंग्रजीतही तेच होतं. वडील हयात असतील आणि ते वाक्य अजूनही म्हणत असतील, तर ‘माय फादर ऑल्वेज सेज’ म्हणा. ते फक्त तुमच्या लहानपणी म्हणत असतील, तर काळ सांगून टाका: ‘व्हेन आय वॉज अ चाइल्ड, माय फादर यूज्ड टू से’. आणि ते आता नसतील, तर ‘माय फादर यूज्ड टू से’ एवढंच पुरतं. वेगळं काही सांगावं लागत नाही.